कासवाचं पोट

सुसाटने कासवाचं पोट उघडलं ते फक्त पुसायला. (निदान आईला त्याने तसंच सांगितलं. खरं तर त्याला बघायचं होतं, ताई आत नेमकी कुठे आहे.)

लाकडी कासव त्याच्या शिक्षिका ताईने तिच्या वर्गातल्या मुलांसाठी बनवलं होतं. ज्याच्या हातात कासव, त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कुणी फारच लांबण लावली, की कासव ताईच्या आवाजात दटावायचं, "पुरे! आता दुसऱ्याला बोलू दे." ताईला जाऊन महिनाही झाला नव्हता. तिचा आवाज आता तेवढ्या पोटातच उरला होता आणि कासव उद्या शाळेत द्यायचं होतं.

पेचकसाने स्क्रू काढून पोट उघडताच एक तार सुटून हातात आली. सुसाटने ती दिसेल त्या भोकात कोंबली, झाकण बसवलं आणि कासव कानाला लावलं.

काही नाही.

"बोलतंय का रे?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"शूऽऽ!"

आवाज निसटू नये म्हणून तो दुपारभर श्वास रोखून, तोंड मिटून बसला. कासवही तसंच. ताई एकदा गेली ती आजाराने; आता दुसऱ्यांदा त्याच्या पेचकसाने.

दुसऱ्या दिवशी तो कासव घेऊन गेला तेव्हा ताईच्या वर्गात मुलं गोल बसली होती. नव्या बाईंनी कासव त्याच्याच हातात दिलं. "तुम्हीच सुरुवात करा."

सुसाट भडाभडा बोलू लागला. "म्हणजे ते... सेल उतरले असतील... हवाही दमट आहे... मी नुसतं पुसत होतो, तार आपणहून आली... आईला सांगू नका, तिला वाटतंय सगळं ठीक आहे, पण मी ताईला—"

"पुरे! आता दुसऱ्याला बोलू दे."

वर्ग खदखदून हसला. सुसाटच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"पण काल का नाही बोललं?"

"काल तुम्ही बोलत होता?" शेजारच्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं.

"नाही. गप्प होतो."

"मग ते कुणाला गप्प करणार, काका?"

सुसाटने डोळे पुसले, कासव छातीशी धरलं आणि घाईघाईने पुन्हा सुरू केलं: हवा, सेल, पेचकस, परत हवा...

"पुरे! आता दुसऱ्याला—"

"बाई," मुलगी ओरडली, "हे काका मुद्दाम करतायत! कासव देतच नाहीत!"

बाईंनी कासव काढून घेतलं आणि त्याला सतरंजीच्या टोकाला बसवलं.

"तुमचा नंबर आता सगळ्यांत शेवटी."