सखारामचं दोन डब्यांचं मशीन

आमचा शेजारी सखाराम पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी त्याच्या खोलीचं माप विचारायचा. "किती बाय किती? खिडकी मावळतीला हाय का?" पाहुणा गडबडायचा. माणूस वेडा नव्हता, एसीनं झपाटलेला होता.

पाचोडकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. वाळूजला कंपनीत फिटर. लग्न केलं नाही. कंपनीत गार हवा पत्र्याच्या बोगद्यातून फिरायची आणि त्यातली धूळ, मेलेले उंदीर हाच काढायचा. म्हणून साहेबाच्या खोलीत दोन डब्यांचं मशीन लागलं तेव्हा त्याला देव भेटला.

"जपान्यांची घरं लई बारकी, वैनी. त्यांनी मशीनचे दोन तुकडे केले. बोंबलणारा बाहेर, गार आत. मधी बारीक नळ्या. बोगद्याची बातच नाय!"

मी तांदूळ निवडताना हे पुराण चालायचं. पुढं तेच मशीन भंगारात निघालं, ते त्यानं आणून दुरुस्त केलं.

त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून गल्ली फाटली होती. आम्ही नामांतरवाले, बाकीचे विरोधात. मला बघून बाया तोंड फिरवायच्या. त्यातच उन्हाळ्यात आमच्या मालकांचा दमा उठला. खिडकी उघडली की धूळ, कूलर लावला की ओल. डॉक्टर म्हणाले, हा उन्हाळा अवघड आहे.

सखाराम छिन्नी-हातोडा घेऊन आला. "वैनी, मधल्या भिंतीला भोक पाडतो. गार डबा तुमच्यात, तापणारा माझ्या अंगणात."

बाहेरून त्याचा चुलता ओरडला, "यांच्यासाठी भिंत फोडतो व्हय रं?"

"तीन बोटांचं भोक हाय, तात्या. त्यानं कुणाचं घर पडत नाय."

त्या दुपारी मालक न खोकता जेवले.

सखारामचं अंगण मात्र भट्टी झालं. पुढं वळवाचं आभाळ आलं, कुरडया वाळेनात. मी ताट घेऊन त्या गरम वाऱ्यापुढं बसले. मागून तात्यांची बायको आली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "सरका की जरा. वारा काय विकत घेतलाय?"

मी सरकले. मग बाकीच्याही आल्या.

मालक सावरल्यावर मी म्हटलं, "भाऊ, ने आता तुझं मशीन."

अंगणात बाया जागेवरून भांडत होत्या. तो त्यांच्याकडं बघत म्हणाला, "राहू द्या, वैनी. आई गेल्यापासून या अंगणात कुणी बोललं नव्हतं."

मी घरी आले आणि पापडाचं पीठ जास्तीचं भिजवलं.