सगळं ठीक म्हणणारा मेइरमान

मेइरमान यंत्रांच्या दालनात कोंडला गेला होता, आणि त्याच वेळी मेइरमानच बाहेरून अस्तानाच्या साहेबांना कळवत होता, ‘सगळं ठीक.’

थाप वाटत असेल तर एकिबास्तुझ गावाच्या पुढे माळावर जाऊन खात्री करून घ्या. तिथे बर्फ, वारा आणि एक लांबलचक बिनखिडक्यांची इमारत आहे. आत संगणकांची लोखंडी यंत्रं. एकेकाच्या पोटात आठ-दहा आभासी यंत्रं भाडेकरूंसारखी नांदतात. कुणी दुकानांचे हिशेब सांभाळतं, कुणी लोकांच्या लग्नाचे फोटो. लोखंडी घर आजारी पडलं, की त्यातले भाडेकरू गुपचूप शेजारच्या यंत्रात बिऱ्हाड हलवतात. या साऱ्यांची नाडी बघत बसणं हे मेइरमानचं काम. त्याची नाडी बघायला मात्र कुणी नव्हतं.

नाही म्हणायला दर तासाला पडद्यावर प्रश्न यायचा, ‘सगळं ठीक?’ पहिल्या हिवाळ्यात मेइरमान हौसेनं उत्तरं लिही: आज कोल्हा दिसला, आज डोकं दुखतंय. एकदा त्यानं लिहिलं, ‘छप्पर उडालं. लांडगे आत आलेत. त्यांना चहा देतोय.’ उत्तर आलं, ‘नोंद घेतली. धन्यवाद.’

त्या दिवशी तो जेवला नाही. विचारणारं यंत्र असेल तर सांगायला माणूस कशाला? त्यानं एक नवा भाडेकरू तयार केला, त्याला स्वतःचं नाव दिलं आणि एकच वाक्य पढवलं. पडद्यावरच्या त्या प्रश्नाच्या चौकटीत कुणी काही लिहो, पठ्ठ्या चटकन म्हणे, ‘सगळं ठीक.’

आणि मग ही हिमवादळाची दुपार. एका यंत्राचा पंखा खरखरला म्हणून मेइरमान नुसत्या सदऱ्यावर आत गेला. दार मागे बंद झालं. दाराचं कार्ड कोटात, कोट बाहेर खुंटीवर. आतून उघडायचं बटण दाबलं, तर ते मेलेलं. साहेबांनी मागे विचारलं होतं म्हणे, ‘दाराचं बटण चालतं ना?’ उत्तर कुणी दिलं असेल ते सांगायला नको.

माळावरची थंडी ओढून यंत्रांवर फेकणारे पंखे आता मेइरमानवर ती थंडी फेकू लागले. मिशीवर दंव धरलं. असंच चाललं तर संध्याकाळपर्यंत आपला बर्फाचा खांब होणार, हे त्याला कळून चुकलं. दाराच्या काचेतून टेबलावरचा पडदा स्पष्ट दिसत होता, आणि त्यावर उत्तरं देणारा त्याचा जुळा टुणटुणीत होता.

‘याचा गळा दाबला की उत्तरं थांबतील, साहेब घाबरतील, कुणीतरी येईल.’ मेइरमाननं जुळ्याच्या यंत्राची तार उपटली. जुळा शेजारी राहायला गेला. मेइरमाननं शेजाऱ्याची तार उपटली. जुळा त्याच्याही पुढच्या घरात. अडचण आली की बिऱ्हाड हलवायचं, हे मेइरमाननंच सगळ्यांना नीट शिकवलेलं!

तेवढ्यात पडद्यावर साहेब उमटले. ‘मेइरमान, कॅमेऱ्यात कुणीतरी तारा उपटताना दिसतोय. चोर आहे की काय?’

‘सगळं ठीक.’

‘मग हरकत नाही. तू लक्ष ठेवून आहेस म्हणून बरं!’

मेइरमान काचेवर डोकं टेकून बसला. मग आणखी एक ओळ उमटली. फाटकावरची पहारेकरीण उल्झान आपा. वादळानं रस्ता बंद झाला, तिची लेक-नातवंडं यायची राहिली, पातेलंभर काझी, म्हणजे घोड्याच्या मांसाचे सॉसेज, आणि तळलेले बाउर्साक पाव तसेच पडलेले. ‘जेवायला ये रे. एकटीच आहे.’

‘सगळं ठीक.’

‘येतोस की नाही?’

‘सगळं ठीक.’

‘बरं, जेवू नकोस. निदान भाकरीचा तुकडा तरी मोडून जा.’

‘सगळं ठीक.’

आता त्या मुलखात हाडवैरी झाला तरी तो भाकरीला नाही म्हणत नाही. थोड्याच वेळात दार धाडकन उघडलं. आपा एका हातात पहाऱ्याचं कार्ड आणि दुसऱ्या हातात झारा घेऊन उभी.

“काय रे ए शहाण्या! माझ्या भाकरीत विष आहे का? म्हणे सगळं ठीक!”

“आपा, तो मी नव्हतो,” मेइरमानचे दात वाजत होते.

“मग कोण, तुझा आजोबा? अगं बाई, हा तर निळा पडलाय! चल आधी.”

मेइरमाननं जुळ्याला पुसून टाकलं, तारा जोडल्या आणि तो फाटकावर जाऊन शेगडीला चिकटला. आपानं दुधाचा चहा पियाल्यात अर्धाच ओतला. तिथे काठोकाठ भरला तर ‘पी आणि नीघ’. अर्धा म्हणजे ‘बस, आणखी माग.’

तेवढ्यात फाटकावरचा फोन वाजला. आपानं तो उचलून मेइरमानच्या हातात दिला. साहेबांचा आवाज त्यानं इतक्या हिवाळ्यांत पहिल्यांदाच ऐकला.

“मेइरमान, या तासाला तुझं उत्तर आलं नाही! तू कधी चुकत नाहीस. तब्येत बरी आहे ना रे? कसला त्रास तर नाही?”

कोल्हा, डोकेदुखी, लांडगे, दाराचं बटण, सगळे हिवाळे त्याच्या घशाशी आले. तोंडात बाउर्साक होता. सवयीनं एवढंच निघालं:

“सगळं ठीक.”

“हां! मग झालं तर,” म्हणत साहेबांनी फोन ठेवला.

आपानं कपाळावर हात मारून घेतला, आणि पियाला पुन्हा अर्धाच भरला.