बावीस नंबरची जागा

ऑरविल हॅस्केटला मेहुण्याचा ट्रेलर कधी खुपला नाही. खुपायची ती मेहुण्याला मिळणारी जागा. दर उन्हाळ्यात डेल्बर्ट गाडीला राहायचा ट्रेलर जोडून निघे आणि जाईल तिथे तळं, डोंगर, दारात हरीण. मग घरोघर फोटो. ते बघून ऑरविलची बायको मेव्हिस "किती सुंदर!" म्हणे आणि एक सुस्कारा टाके. आयोवातल्या पोस्टाच्या खिडकीत तीस वर्षं लोकांची बोलणी हसतहसत खाल्लेला माणूस हा, पण त्या सुस्काऱ्याने त्याच्या अंगाचा तिळपापड होई. (मागच्या वर्षी ऑरविल-मेव्हिसच्या जागेसमोर कचऱ्याचा डबा होता. त्यात अस्वल आलं होतं, पण फोटो काढायला कोणी थांबलं नाही.)

यंदा मात्र ऑरविलने चंग बांधला. मिनेसोटातल्या हेरन लेकच्या काठच्या कॅम्पमध्ये बावीस नंबरची जागा होती. अगदी पाण्याला लागून, अशी ती एकच. बुकिंग सकाळी आठला उघडायचं. हा साडेसहापासून बटणावर बोट ठेवून बसला. आणि मिळाली!

चार दिवसांनी डेल्बर्टचा फोन. "यंदा कुठे?"

"ड्राय फोर्कला," ऑरविलने बिनदिक्कत थाप मारली. "खडीच्या खाणीमागे. डास तर असे, की माणसाला उचलून नेतील."

"अरेरे!" डेल्बर्ट म्हणाला. ते अरेरे ऑरविलला आठवडाभर पुरलं.

जुलैत दोघं पोचली. तळं खरंच निळंशार होतं. ऑरविलने पिकअप ट्रक रिव्हर्समध्ये टाकून ट्रेलर आत घ्यायला सुरुवात केली. मेव्हिस मागे उभी राहून हात हलवत होती.

"डावीकडे!"

"माझ्या की तुझ्या?"

"तळ्याच्या!"

चाळीस मिनिटं लागली. शेजाऱ्यांनी खुर्च्या फिरवून घेतल्या. अखेर ट्रेलर बसला, आणि मेव्हिसने आतल्या मोठ्या खिडकीचा पडदा सारला. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे पुरुषांचा संडास.

"हाच का तो देखावा?"

खिडकी ट्रेलरच्या पुढच्या अंगाला होती आणि तळं मागे. ऑरविलने घाम पुसला. "मग तोंडानेच आत घालू! हाय काय अन् नाय काय!"

तसं घातलं. ट्रेलर सोडवला, पडदा सारला. आता समोर त्याचाच ट्रक. त्याच्यापुढे पाणी, मागे ट्रेलर; ट्रकला हलायला जागाच नव्हती. ट्रेलर पुन्हा जोडून मागे घ्यायला गेला, तर जेवणाचं लाकडी टेबल मोडलं. कॅम्पची व्यवस्था बघणारी रेंजर येऊन म्हणाली, "साहेब, आता हात लावू नका. हात जोडते."

तेवढ्यात ओळखीचा हॉर्न वाजला. डेल्बर्ट! शेजारी ऑरविलची बहीण नॉरीन.

"अरे, तुला डास खातील म्हणून जाळी घेऊन ड्राय फोर्कला गेलो," डेल्बर्ट धापा टाकत म्हणाला. "तिथे तू नाहीस. जीव घाबरला. शेवटी मेव्हिसला फोन केला."

मेव्हिसने नवऱ्याकडे असं पाहिलं, की ड्राय फोर्क बरं होतं असं त्याला वाटलं. (मेहुणा निदान वाईट माणूस असता, तर जळायला तरी मोकळीक मिळाली असती.)

कॅम्प भरलेला होता. पण देखभाल करणारं जोडपं अचानक गावी गेलं होतं, तेव्हा रेंजरने टेकडीवरची त्यांची जागा डेल्बर्टला दिली. फुकट! ऑरविलला पाणीसुद्धा कडू लागलं.

संध्याकाळी वर टेकडीवर नॉरीनने ओव्हनमधून काढून वाढलेला बटाट्याचा हॉटडिश खाताना डेल्बर्ट हळूच म्हणाला, "खरं सांगू? मी आज तुझ्यावर जळलो. बावीस नंबर! अकरा वर्षं धडपडतोय, एकदा मिळाली नाही."

ऑरविलचा घास हातातच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा डेल्बर्ट त्याच्यावर जळत होता! छाती फुगली. त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "त्याला पारखी नजर लागते, डेल्बर्ट," तो पोस्टातल्या साहेबाच्या सुरात म्हणाला. "जागा निवडणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे."

"पटलं," डेल्बर्ट म्हणाला. "म्हणून तर मेव्हिस अदलाबदलीला हो म्हणाली, तेव्हा माझा विश्वासच बसेना."

"कसली अदलाबदल?"

"आपली खिडकी पुढे, त्यांची मागे," मेव्हिस शांतपणे म्हणाली. "त्यांना ती जागा शोभते. आपण इथे वर राहू."

दुसऱ्या सकाळी डेल्बर्टने ऑरविलचाच ट्रक चालवत सगळा लवाजमा दोन मिनिटांत बाहेर काढून टेकडीवर लावून दिला आणि स्वतःचा ट्रेलर एका दमात पाण्याकाठी बसवला. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टेकडीवरच्या ट्रेलरमध्ये मेव्हिसने पडदा सारला. अख्खं तळं, पाण्यावर ऊन, आणि काठावर बरोब्बर मधोमध पाय पसरून कॉफी पिणारा डेल्बर्ट. ती कितीतरी वेळ बघत राहिली. ऑरविल खिडकीशी येऊन उभा राहिला, निदान तळं तरी आपलं म्हणून.

"ऑरविल," मेव्हिस म्हणाली, "जरा सरक बघू. डेल्बर्ट दिसत नाहीये."