घाणेरी उपटण्याचा अभ्यास

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वल राहतं. ‘राहत होतं’ नव्हे, राहतं. कारण ते अस्वल मीच. गोष्टीतल्या अस्वलांना फार अक्कल नसते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हा पुढचं ऐकून दचकू नका.

आमच्या गुहेपुढे छोटी बाग आहे. तिच्या कोपऱ्यात एक मोगरा होता. आमच्या सौ. अस्वलीणबाईंनी तो माहेराहून आणलेला, आईच्या हातचा. पुढे आई गेली, माहेरची गुहा भावांनी वाटून घेतली, आणि हिला माहेर म्हणून तेवढा मोगराच उरला.

त्या मोगऱ्याला खेटून घाणेरी उगवली. आधी वीतभर होती. मी म्हटलं, “असू दे, फुलं बरी दिसतात.” बघता बघता ती माझ्या छातीला लागली. मोगऱ्यावर ऊन पडेना. कळ्या धरेनात.

“अहो, ती घाणेरी तेवढी उपटा हो,” ही म्हणाली. “माझा मोगरा जाईल.”

आता अस्वलाची नखं म्हणजे जन्मजात कुदळच. पण मी पडलो शिकलेलं अस्वल. नखांत माती गेलेली मला खपत नाही.

“उपटू की,” मी म्हणालो, “पण आधी अभ्यास हवा. अर्धवट उपटली तर दुप्पट फोफावते.”

“मग मी उपटते.”

“तू हात लावू नकोस! हे शास्त्र आहे.”

अभ्यासात निघालं की माती मऊ असली तर मूळ अख्खं येतं. म्हणून मी रोज संध्याकाळी घाणेरीच्या बुंध्याशी पाणी ओतू लागलो. माती छान मऊ झाली. पण नेमकी अमावस्या आली. मग माझी कंबर धरली. मग पाहुणे आले. पाणी मात्र मी एक दिवस चुकवलं नाही. कामात शिस्त हवी.

घाणेरीचे एवढे लाड जन्मात कुणी केले नव्हते. ती गुहेच्या दाराएवढी झाली.

“निदान फांद्या तरी छाटा,” ही रडकुंडीला येऊन म्हणाली. मी छाटल्या. एकीच्या जागी चार फुटल्या.

अशात जंगल पंचायतीचे अध्यक्ष गेंडेसाहेब आमच्या वाटेने चालले होते. उन्हाने सगळं जंगल करपलेलं, आणि आमच्या दारात हिरवंगार रान. साहेब गहिवरले.

“वा! हे कुणी जोपासलं?”

बाळांनो, खरं बोलायची वेळ हीच होती. मी नम्रपणे मान खाली घातली आणि म्हणालो, “आपला एक छंद, साहेब.”

आमच्या दारातच माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. घाणेरीलाही हार घातला. “पान तोडायचं म्हटलं तरी माझा जीव कळवळतो,” असं मी भाषणात म्हणालो, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं : या घाणेरीला जो नख लावेल, त्याला जंगलाबाहेर हाकललं जाईल.

टाळ्या चालू असताना माझी नजर मागे गेली. ही कोपऱ्यात वाकून नखांनी उकरत होती. थोड्याच वेळात मोगरा मातीच्या गोळ्यासकट वर आला. तो पोटाशी धरून ती शेजारच्या साळूबाई साळिंदरीच्या अंगणात निघून गेली.

ती परत आल्यावर मी म्हणालो, “अगं, मला विचारायचंस तरी.”

“तुमचा अभ्यास चालला होता ना,” ती म्हणाली.

मोगरा तिथे जगला. आता फुलतोही. ही रोज संध्याकाळी त्याच्यापाशी जाऊन बसते आणि साळूबाईशी हसत बोलते. हसणं मला ऐकू येतं. आपणही जाऊन बसावं असं फार वाटतं. पण मला कुणी बोलावलेलं नाही. शिवाय ती वेळ माझी पाणी घालायची असते.

तात्पर्य : हट्टी झुडूप अभ्यासाने जात नाही. बाकीचं सगळं मात्र जातं आणि अंगण मोकळं होतं. म्हणून बाळांनो, खूप अभ्यास करा.