पंधरा मिलिलिटरची तफावत

ज्युराच्या डोंगरउतारावर पिवळी वाईन सहा वर्षं तीन महिने पिंपात ठेवतात आणि मधे भर घालत नाहीत. लाकडातून उडायची ती उडू देतात. लिटरमागे शेवटी सहाशे वीस मिलिलिटर उरते, म्हणून तिथली बाटलीही सहाशे वीसचीच, बुटकी, रुंद खांद्यांची. हे तिथल्या गाईंनाही ठाऊक आहे. आबकारी कचेरीच्या संगणकाला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

गास्तोंचं शेवटचं पिंप दोनशे अठ्ठावीस लिटरचं. त्याने दोनशे अठ्ठावीस बाटल्या आणून, धुऊन, तळघरात उलट्या लावून ठेवल्या आणि फेब्रुवारीत तो गेला. पिंपाची मुदत भरली तेव्हा त्याची मुलगी मीरेय बाटल्या भरायच्या परवान्यासाठी कचेरीत गेली. शुक्रवारपर्यंत परवाना नसेल, तर सगळं पिंप व्हिनेगरच्या कारखान्यात जाणार होतं.

पेलिसिये साहेबांनी बाटल्यांची संख्या भरली. पडद्यावर आकार तीनच होते: पावणेचारशे, साडेसातशे आणि दीड लिटर. नियमाप्रमाणे जवळचा घ्यायचा, म्हणून त्यांनी साडेसातशे घेतला. बाटल्यांत झाली एकशे एकाहत्तर लिटर. पिंपात मोजून होती एकशे एकेचाळीस लिटर तीनशे साठ. म्हणजे मयताच्या तळघरात २९ लिटर ६४० मिलिलिटर वाईन विनापरवाना निर्माण झाली होती.

"झाली नाही साहेब, उडाली. साडेशहाऐंशी लिटर गेलीय."

"बाई, इथे गेलेल्याची नोंद होत नाही. असलेल्याची होते."

मीरेयने बाटलीच टेबलावर ठेवली. साहेबांनी ती ओळखली. दर रविवारी चीज आणि अक्रोडांबरोबर ते हीच उघडत. पण घरचं घरी, असं समजावून त्यांनी सहृदयतेने मार्ग काढला: वाईन साडेसातशेच्याच बाटल्यांत भरायची. एकशे अठ्ठ्याऐंशी बाटल्या भरून तीनशे साठ मिलिलिटर उरत होती. ती अर्ध्या बाटलीत घालावी, तर अर्धी बाटली पावणेचारशेची. पंधरा मिलिलिटर कमी. अपुरी बाटली कायद्याने बाटली नव्हे, आणि एका बाटलीसाठी अडलेला परवाना पिंपासाठीही अडतो.

तीस लिटर जास्त होती तोवर साहेब खुर्चीत रेलून बसले होते. चमचाभर कमी पडल्यावर त्यांनी उठून दार लावलं.

"कोणी प्यायली?"

मीरेयने टेबलावरची बाटली जवळ ओढली. मग म्हणाली, "बाबा. शेवटच्या दिवशी. पाणीसुद्धा उतरत नव्हतं घशाखाली. मी पिंपातून चमचाभर काढून ओठांना लावली."

"चमचा कोणता?"

"सूपचा."

"म्हणजे पंधरा." साहेबांचा चेहरा खुलला. "गिळली की ओघळली?"

"ओघळली थोडी."

"असू दे, पूर्ण धरू."

त्यांनी 'घट: मयताकडे' असं लिहिलं. पडदा हिरवा झाला. परवाना एकशे अठ्ठ्याऐंशी मोठ्या आणि एका अर्ध्या बाटलीचा निघाला. धुऊन ठेवलेल्या दोनशे अठ्ठावीस बाटल्यांचा त्यात उल्लेख नव्हता. मीरेयने सांगितलं तिथे सही केली.

हिशेब जुळला. वाचकांनीही मघापासून मनातल्या मनात गुणाकार करून तो पडताळला असेलच, आणि उडालेली साडेशहाऐंशीपेक्षा थोडी जास्त निघते हेही काहींच्या लक्षात आलं असेल. गास्तोंला काय झालं होतं, हे साहेबांनी विचारलं नाही. तुम्हीही नाही.