सिस्टर भालेरावांच्या सात बैठका

सिस्टर भालेराव रोज सकाळी तोफा तपासतात.

मी शिकायला आले ते डेरी शहर उत्तर आयर्लंडमधलं, फॉइल नदीवरचं जुनं बंदर. जुन्या गावाभोवती चारशे वर्षांचा दगडी तट आहे, अजून अखंड. त्याच्यावरून चालत गावाला पूर्ण फेरी मारता येते. तटावर वीसएक जुन्या तोफा तोंडं बाहेर करून बसल्या आहेत. लोक त्यांच्या तोंडात चिप्सचे कागद आणि बिअरचे कॅन कोंबतात. सिस्टर हातमोजे घालून, लांब चिमट्याने ते काढतात. मग तोफेच्या पाठीवर तळवा ठेवतात.

"बेड नंबर चार. थंडगार. नॉर्मल." दोन पावलं पुढे. "बेड नंबर पाच. हिला परत चिप्स! किती वेळा सांगितलं, तेलकट बंद."

मला असं कोणाबद्दल लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. तेव्हा काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या. पण सिस्टरांबद्दल कोणीतरी लिहायला हवं, असं मला वाटतं.

सिस्टर मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. इथल्या हॉस्पिटलात तीस-पस्तीस वर्षं नर्स होत्या. रिटायर झाल्या, पण छातीवर उलटं लावलेलं घड्याळ अजून उतरलेलं नाही. नदीपलीकडे वॉटरसाइडला एकट्या राहतात. मराठी बोलणारं कोणीही शहरात आलं की त्यांना वास लागतो. मला त्यांनी सुपरमार्केटमध्ये पकडलं. मी आईशी फोनवर बोलत होते. माझं बोलणं संपेपर्यंत त्या कोथिंबिरीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरी, शनिवारी दहाला. बूट चांगले घाल. आई कधी येणार आहे तुझी?"

शनिवारी मला शहर दाखवलं गेलं. 'दाखवलं' म्हणजे वॉर्डात नवीन नर्सला पेशंट दाखवतात तसं. "हा शिपक्वे गेट. ह्याच्या बाहेर पूर्वी नदीच होती. हा बिशप्स गेट. शत्रू दारात आल्यावर इथल्या पोरांनी दरवाजे लावून घेतले आणि मग किती दिवस उपाशी बसले! उंदीर खाल्ले. डाएट चार्टच नव्हता." तटाखालच्या घरांच्या भिंतींवर मोठी चित्रं रंगवलेली आहेत, अलीकडच्या वाईट दिवसांची, कॅथलिक-प्रोटेस्टंट हिंसाचाराची. तिथे मात्र त्या विनोद करत नाहीत. शहराला दोन नावं आहेत, डेरी आणि लंडनडेरी. कोण कुठलं घेतं यावरून तो कुठल्या बाजूचा ते लोक ओळखतात. सिस्टर 'आपलं शहर' म्हणतात. "माझ्या वॉर्डात दोन्ही बाजूंचे शेजारी-शेजारी झोपायचे. मध्ये एक पडदा. घोरणं सारखंच."

त्यांच्या राऊंडचे नियम आहेत. एकूण सात बैठका. ठरलेल्या सात बाकांवर पाहुण्याने बसायचंच, दमला असो नसो. पायऱ्या चालणार नाहीत, उतारावरूनच जायचं, मग वळसा पडला तरी चालेल. प्रत्येक बैठकीला फ्लास्कमधलं कोमट पाणी. तिसऱ्या बैठकीला अर्धं केळं. अख्खं मागून मिळत नाही. लू, म्हणजे टॉयलेट, कुठे आहे ते न विचारता सांगितलं जातं. आणि त्या कायम पाहुण्याच्या उजव्या बाजूला उभ्या राहून, कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने बोलतात. माझा उजवा कान संध्याकाळपर्यंत गुणगुणत होता.

स्वतः मात्र बसत नाहीत. "ड्यूटीवर सिस्टर बसत नाही."

लंडनजवळच्या मेडनहेडहून एकदा एक आयटीवाले आले होते. फोन दाखवून म्हणाले, "मॅडम, ह्याच्यावर पूर्ण फेरीला फोर्टी फाइव्ह मिनिट्स दाखवतंय."

"बसा," सिस्टर म्हणाल्या.

"नाही, आय ॲम फाइन."

"मी कुठे विचारलं? बसा. घाई नाही. शहर कुठे पळून जात नाही."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. आयटीवाले बसले. केळंही खाल्लं. विमानाची वेळ मात्र गाठली, कारण सिस्टरांनी तीही आधीच विचारून ठेवली होती.

मला भेटल्या की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. आई कधी येणार? माझी आई गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. गुडघे गेलेत. माझ्या पदवीदानाला ये म्हटलं तर म्हणायची, "मला काय कळणार तिथलं? तू फोटो पाठव." मी दोनदा सांगून गप्प बसले. मला वाटायचं, आपण जास्त जोर केला तर तिला त्रास होईल. हे सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ताच. ह्याला घाई आहे."

त्यांच्या तोंडून 'घाई आहे' मी पहिल्यांदा ऐकलं. फोनवर त्या आईला एवढंच म्हणाल्या, "ताई, चालायची काळजी करू नका. रस्ता तयार आहे." आई का कबूल झाली ते मला अजून कळलेलं नाही. पण आली.

पदवीदानाच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर इस्त्रीची साडी, त्यावर रेनकोट घालून हजर. तोफा त्या दिवशी आधीच तपासून झाल्या होत्या. आई हळूहळू चालायची, आणि तिचा गुडघा बोलायला लागला की नेमका समोर बाक यायचा. चढ संपला की बाक. वारा आडवा आला की बाक, तोही भिंतीच्या आडोशाला. माझ्यासारखी धडधाकट माणसं जिथे उगाच बसून कंटाळायची, तिथे आई "अगं बाई!" म्हणत टेकायची. मी बघतच राहिले.

तिसऱ्या बैठकीला अर्धं केळं आलं. सिस्टर आईच्या उजव्या कानाशी वाकून ओरडल्या, "मऊ आहे! चावायला नको!"

"मला ऐकू येतं हो," आई म्हणाली. "आणि दात आहेत माझे सगळे."

सिस्टर ओशाळल्या. पुढच्या बाकावर परत तसंच ओरडल्या.

सातवी बैठक तटावरून उतरून नदीकाठी. समोर पायी जायचा वळणदार पूल, डावीकडे धक्का. सिस्टर सांगत होत्या, "इथून अमेरिकेला जहाजं सुटायची, ताई. पोरं जायची. घरची माणसं काठावर उभी."

आई सिस्टरांकडे बघत होती, नदीकडे नव्हे. मग म्हणाली, "सिस्टरबाई, एक विचारू? हा रस्ता माझ्यासारख्याच गुडघ्यांसाठी आखलाय, ते कळलं. पण ते दात आणि तो कान कोणाचा?"

सिस्टरांनी फ्लास्कचं झाकण लावलं. परत उघडलं.

"आमच्या आईचा," त्या म्हणाल्या. आवाज एकदम साधा होता. "डावा कान गेलेला. मी इथे आले त्या पहिल्याच वर्षी सगळे बाक हेरून ठेवले. तिचा पासपोर्टपण झाला होता. ती फोनवर विचारायची, कधी येऊ गं? मी म्हणायचे, जरा थंडी कमी होऊ दे. जरा माझ्या ड्यूट्या लागू देत. घाई नाही, शहर कुठे पळून जात नाही."

त्यांनी फ्लास्कचं झाकण परत लावलं.

आईने मांडीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि बाकावर थोडी सरकली. "बसा," ती म्हणाली.

"नाही नाही, मी..."

"मी कुठे विचारलं? बसा."

सिस्टरांनी सवयीने छातीवरचं घड्याळ उचलून बघितलं आणि सोडून दिलं. मग रेनकोट सावरत बसल्या, आईच्या उजवीकडे. बराच वेळ दोघी नदीकडे बघत राहिल्या. मागे गिल्डहॉलच्या, म्हणजे टाउनहॉलच्या, घड्याळाचे ठोके पडले. कोणी उठलं नाही.

मी फ्लास्कमधलं पाणी ओतलं आणि उभीच राहिले.