व्हर्लिनचा स्वस्त ट्रेलर

व्हर्लिन टेसडाल या निवृत्त गृहस्थाने आपली मोटरसायकल डोंगरात न्यायचं ठरवलं, आणि ती चालवत न्यायची नाही हेही त्याच क्षणी ठरवलं. आमच्या टॅमरॅक कौंटीत यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे नजर पोचेल तिथवर मका आहे आणि रस्ते फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ. म्हणून आमचे मोटरसायकलस्वार दर उन्हाळ्यात पश्चिमेला जातात ते मोटरसायकल गाडीमागच्या ट्रेलरवर बांधून. डोंगराच्या अलीकडे एखाद्या मोटेलवर ती उतरवायची, कातडी जाकीट चढवायचं आणि अर्धा देश वारा खात आल्यासारखा चेहरा करून पुढे निघायचं, अशी रीत आहे.

व्हर्लिनला जायचं होतं ते रॉयस हॉगनसाठी. दोघांनी उभी हयात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात घालवली होती. रॉयस पुढे पश्चिमेला, डोंगराळ वायोमिंगमध्ये मुलीजवळ राहायला गेला. त्याची नजर उतरत चालली होती. शरद ऋतूत डॉक्टर त्याचा गाडी चालवायचा परवाना रद्द करायला लावणार होते. तेव्हा एकदा दोघांनी मिळून मोटरसायकलींवरून घाट चढावा, असा त्याचा फोन आला.

"याच उन्हाळ्यात ये," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी आलास तर मला तू दिसायचा नाहीस."

व्हर्लिनला भरून आलं. त्याने फोन ठेवला आणि तो ट्रेलर बघायला निघाला.

"अरे, पण ती स्वतः चालते ना?" त्याची बायको मार्लिस म्हणाली.

व्हर्लिनने तिला समजावलं की कंबर दुखेल, टायर झिजतील, आणि मुख्य म्हणजे सगळे तशीच नेतात. शेवटचा मुद्दा ऐकून मार्लिस भांडी घासायला वळली.

साधा, लहान, स्वस्त ट्रेलर हवा होता. व्हर्लिनने ही गोष्ट सकाळच्या कॅफेत बोलून दाखवली, तिथेच चुकलं. अंडी-बटाटे खायला जमणाऱ्या मंडळींना या विषयात गती होती. एकाच्या मते लहान चाकं तापतात आणि वाटेत निसटून गाडीच्या पुढे निघून जातात. दुसऱ्याच्या मते मोठी चाकं घेणं हा शुद्ध माज. यांतल्या तिघांकडे स्वतःचे ट्रेलर होते, पण शेजाऱ्यांनी नेल्यामुळे ते दाखवता येत नव्हते. या अभ्यासात वसंत संपला, मका गुडघ्याला लागला. रॉयसचा पुन्हा फोन आला. व्हर्लिनने त्याला कळवलं की काम निर्णायक टप्प्यावर आहे.

शेवटी त्याने सगळ्यांत स्वस्त ट्रेलर घेतला. तो खोक्यांतून सुटा आला. चाकं ढकलगाडीला शोभतील अशी. तळाची फळी, पट्टे, मोटरसायकल चढवायची उतरती फळी हे सगळं वेगळं घ्यायचं होतं. व्हर्लिनने खपून तो जोडला आणि नंबरप्लेट आणायला कौंटीच्या कार्यालयात गेला. खिडकीपाशी जोलीन कुबिचेक बसली होती, शांत आणि अतिशय मदतशील बाई.

"ट्रेलर कोणी बनवला?" तिने विचारलं.

"कंपनीने. मी फक्त नट आवळले."

"म्हणजे तुम्ही बनवला."

घरी बनवलेल्या ट्रेलरची तपासणी लागते आणि त्यासाठी तो कार्यालयाच्या आवारात आणावा लागतो, असं तिने सांगितलं. विनानंबरचा ट्रेलर रस्त्यावर आणला तर दंड होतो, हेही आपुलकीने सांगितलं.

"मग आणू कसा?"

"लोक दुसऱ्या ट्रेलरवर घालून आणतात," जोलीन म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता.

व्हर्लिनने मेव्हण्याचा मोठा ट्रेलर आणि तो ओढायला मेव्हण्याचाच पिकअप ट्रक मागून घेतला. तपासनिसाने टायरला लाथ मारून पाहिली, मान डोलावली आणि नंबर दिला. जाता जाता मात्र हा ट्रेलर कोणती गाडी ओढणार, असं विचारलं. व्हर्लिनने आपल्या छोट्या मोटारीचं नाव सांगितलं. त्या गाडीने काहीही ओढू नये असं तिच्या कंपनीनेच छापलेलं आहे, असं तपासनीस म्हणाला. विमा एजंटानेही तेच सांगितलं. काही बरंवाईट झालंच तर कंपनी फुलं पाठवील, एवढी हमी त्याने दिली.

तेव्हा स्वस्त ट्रेलरसाठी पिकअप घेणं आलं. जुना पण दणकट मिळाला. मार्लिसने त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"याच्या हौद्यातच मोटरसायकल मावेल की."

"मग ट्रेलरवर काय ठेवायचं?" व्हर्लिन म्हणाला.

पिकअपचे पैसे भागेनात. काहीतरी विकणं भाग होतं. ट्रेलर विकावा असं त्याच्या मनात आलंच नाही असं नाही, पण एवढ्या खटपटीने नंबर मिळवलेली वस्तू विकायची म्हणजे शासनाचा अपमान. म्हणून मोटरसायकल विकली. ती घ्यायला शेजारच्या राज्यातून टॅमसिन नावाची संगीतशिक्षिका आली. व्हर्लिनने ट्रेलरवरून घरपोच आणून देण्याची तयारी दाखवली.

"कशाला?" ती म्हणाली. तिने हेल्मेट घातलं, किक मारली आणि मक्यातल्या सरळ रस्त्याने ती निघून गेली. आवाज येईनासा झाला तरी व्हर्लिन गॅरेजच्या पायरीवर बसून होता. मार्लिसने ॲपल पायची बशी त्याच्या हातात दिली आणि त्याच्या शेजारी बसली. बशी तशीच राहिली.

पण शब्द दिला होता. तो वायोमिंगला निघाला, मागे रिकामा ट्रेलर उड्या मारतोय. रॉयस अंगणात आला, चेहरा ट्रेलरजवळ नेऊन बघू लागला, मग हाताने चाचपू लागला.

"मोटरसायकल कुठाय?"

"विकली."

"मग हे काय आणलंस?"

"ट्रेलर."

रॉयसने ट्रेलरवर एक थाप मारली. मग म्हणाला, "चल लेका. मी पुढे, तू मागे. दिवे चालू ठेव, आरशात तेवढे तरी दिसतील."

असे ते घाट चढले. पुढे मोटरसायकलवर हळूहळू रॉयस, मागे पिकअपमध्ये जीव मुठीत धरून व्हर्लिन. प्रत्येक वळणाला आपण त्याच्या बरोबरीने असायला हवं होतं, हे त्याला टोचत होतं. माथ्यावर रॉयसने मोटरसायकल थांबवली आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"शेवटच्या वळणावर मला दोन रस्ते दिसले," तो म्हणाला. "त्यातला बरा तो धरला. आता पुरे."

व्हर्लिनने मोटरसायकल ट्रेलरवर चढवून बांधली.  ट्रेलरने आपलं काम चोख केलं, हे नमूद करायला हवं. मग दोघं कठड्याशी उभे राहिले. खाली दरी होती.

"काय काय दिसतंय ते सांग," रॉयस म्हणाला.

व्हर्लिन सांगू लागला. बर्फ, पाइनची झाडं, नदी. एवढ्यात कातडी जाकिटवाले पंधरावीस जण आले. दरीकडे पाठ करून त्यांनी ट्रेलरला घेरलं. एकाने टायरला लाथ मारली. घडी होते का, वजन किती पेलतो, कितीला पडला, अशी चौकशी सुरू झाली. व्हर्लिन नदी अर्ध्यावर सोडून वळला. त्याने एकेकाला उत्तर दिलं, लहान चाकांची बाजूही समजावून सांगितली, आणि सांगताना तो जरा खुललाच. रॉयस दरीकडे तोंड करून थांबला होता.

ही हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली. नदीपुढे काय होतं, हे रॉयसला कोणी सांगितलं का, असं एकानेही विचारलं नाही. ट्रेलरची किंमत मात्र सगळ्यांनी विचारली. त्यातल्या निम्म्यांकडे मोटरसायकल नाही.

तुमच्याकडे आहे?